विकू की थांबू?

डोळे तपासायच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिला झोप लागली.

डोकं आठवडाभर ठणकत होतं म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या खालच्याच चष्म्याच्या दुकानात शिरली होती. आत एक लहानशी अंधारी खोली. दुकानातल्या उंच, किंचित वाकून चालणाऱ्या माणसाने तिला हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवायला सांगितली आणि तो एकेक भिंग बदलत हलक्या आवाजात विचारू लागला.

“हे स्पष्ट दिसतंय... की हे?”

“सारखंच.”

“बरं. आता हे... की हे?”

यावर काही उत्तर आलं नाही. तो वाकून बघतो तर हनुवटी पट्टीवर तशीच, डोळे मिटलेले आणि श्वास एका लयीत. त्याने समोरच्या अक्षरांचा दिवा बंद केला, दार लोटून घेतलं आणि बाहेर काउंटरवर जाऊन बसला.

ती जागी झाली तेव्हा गालावर पट्टीचा वळ उठला होता. ओढणी सावरत ती बाहेर आली. लाजेने कान गरम झाले होते.

“माझा नंबर...?”

“नंबर नाहीये तुम्हाला. झोप नाहीये,” तो म्हणाला. “त्यावर चष्मा मिळत नाही. मिळाला असता तर पहिला मी लावला असता.”

ती हसली. आपण किती दिवसांनी हसतोय, हे तिचं तिलाच जाणवलं.

वरच्या मजल्यावर ती शेअर दलाली करणाऱ्या एका कंपनीच्या हेल्पलाइनवर बसायची. कानाला हेडफोन आणि हेडफोनमध्ये दिवसभर लोक. स्वतःचे शेअर स्वतः सांभाळणारे लोक: निवृत्त मास्तर, दुकानदार, घरी बसून मोबाइलवर खरेदी-विक्री करणाऱ्या गृहिणी, नुकती नोकरी लागलेली मुलं. प्रश्न तेच ते. विकलेल्या शेअरचे पैसे खात्यात कधी येतील? घेतला तेव्हापासून पडतोय, आणखी घेऊन सरासरी खाली आणू का? एकूण किती कंपन्यांचे शेअर असावेत? दर महिन्याची गुंतवणूक आता थांबवू का? आणि शेवटी, आवाज खाली आणून, सगळ्यांचा एकच: “ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?”

माहिती द्यायची, सल्ला द्यायचा नाही, असा नियम होता. “निर्णय तुमचाच असतो, सर,” हे ती इतक्या मायेने म्हणायची की समोरच्याला ते उत्तरच वाटायचं. शाळेत शिकवल्यासारखं समजावते म्हणून ऑफिसात सगळे तिला ‘बाई’ म्हणत. बाजार घसरायला लागल्यापासून मात्र बाईंचा घसाही बसला होता आणि जीवही. लोक रडत, भांडत, काही नुसतेच गप्प राहत. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची. घरी आल्यावर स्वतःच्या तोंडून शब्द काढायचीही ताकद उरायची नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाली गेली. डबा हातात होता आणि कारण काहीच नव्हतं.

“डोळे दुखतात अजून?” त्याने विचारलं.

“नाही... म्हणजे हो. थोडे.”

“आतली खोली रिकामी आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं.” त्याने एवढंच म्हणून दार उघडलं.

मग ते रोजचंच झालं. ती काउंटरच्या कोपऱ्यात डबा खायची, उरलेला वेळ अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसायची आणि निघायच्या आधी दोघं चार वाक्यं बोलायची. त्याला एक खोड होती. समोरच्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घ्यायचा, पुसायचा आणि पुन्हा बसवायचा. तिला चष्मा नव्हता. एकदा बोलता बोलता त्याचा हात सवयीने तिच्या कपाळापर्यंत आला आणि तिथेच थांबला...

“सॉरी. सवय.”

“काही सापडलं का पुसायला?”

“नाही. सगळं स्वच्छ आहे,” तो म्हणाला आणि उगाचच काउंटर पुसू लागला.

तिला त्याचं एक फार आवडायचं. ती कुठे काम करते हे कळल्यावरही त्याने शेअरबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. लग्नकार्यात, दवाखान्यात, कुठेही गेलं तरी लोक तिला बाजूला घेऊन विचारत.

“तुमच्याकडे शेअर नाहीत वाटतं?” एकदा तिनेच विचारलं.

“आहेत की. तुमच्याच कंपनीत खातं आहे.”

“आणि मला कधी काही विचारलं नाहीत?”

“तुम्ही इथे उत्तरं द्यायला थोड्याच येता?”

त्या दिवशी तिला डबा जास्त झाला. अर्धा तिथेच ठेवून ती वर गेली आणि दुपारभर लोकांशी जरा जास्तच गोड बोलली.

बाजार अजून पडतच होता. अशाच एका दुपारी त्याने आपल्या डब्यातला घास तसाच ठेवला आणि म्हणाला, “आज एक विचारायचंय.”

तिने डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. “विचारा ना.”

“माझ्या गावी स्टँडजवळ एक गाळा रिकामा होतोय. आई तिथे एकटी असते. दुसऱ्याच्या दुकानात राबण्यापेक्षा आपलं काहीतरी असावं म्हणून नोकरी लागल्यापासून थोडे थोडे शेअर घेत आलोय. बाजार पडला तरी अजून गाळ्यापुरते पैसे निघतात. पण घाई करायला नको, असंही वाटतं.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “विकू... की थांबू?”

असं काही विचारेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“आम्हाला सल्ला देता येत नाही,” ती सवयीने म्हणाली.

“आत्ता हेडफोन नाहीये तुमच्या डोक्यावर.”

ती डब्याच्या झाकणाकडे बघत राहिली. तिला एकच शब्द म्हणायचा होता. तो अगदी ओठांवर आला होता. पण समोर बसलेल्या माणसाची इतक्या वर्षांची बचत होती, आणि बाजार आपल्या मनाप्रमाणे थांबत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

“शेअर घेतले कशासाठी होते?”

“दुकानासाठी.”

“दुकान मिळतंय?”

“मिळतंय.”

“पैसे कधी लागतील?”

“या महिन्यातच.”

“मग विका. जे पैसे लवकर लागणार आहेत ते बाजारात ठेवू नयेत. आणखी पडला तर गाळा हातचा जाईल.”

त्याने आपला डबा बंद केला. मग म्हणाला, “म्हणजे जाऊ?”

“मी शेअरचं सांगितलं.”

“माझ्यासाठी दोन्ही एकच आहे.”

“सुट्टी संपली माझी,” ती म्हणाली आणि उठली. जिन्याच्या वळणावर पोचेपर्यंत तिने डोळ्यांतलं पाणी आवरून धरलं.

त्यानंतर ती खाली गेली नाही. डबा टेबलावरच खायची, नाहीतर तसाच परत न्यायची. घरी बाबा विचारायचे, “भाजी आवडली नाही का?” ती मान हलवायची. कशाला, ते तिचं तिलाही कळत नसे.

आणि एका सकाळी हेडफोनमध्ये तोच हलका आवाज आला.

“नमस्कार. मी शेअर विकलेत. पैसे खात्यात कधी येतील?”

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. त्यानेही आवाज ओळखला होता. पण प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा आणि त्यातले काही फोन साहेब संध्याकाळी ऐकायचे.

“विक्री पूर्ण झाली आहे, सर,” ती म्हणाली. “पैसे उद्या तुमच्या खात्यात दिसतील. तिथून बँकेत वळते करायची विनंती तुम्ही टाकू शकता.”

“बरं.”

“आणखी काही मदत करू शकते का?”

“नाही... हो.” तो थांबला. “तुमचं डोकं दुखायचं थांबलं का?”

“या प्रश्नाची माहिती... आमच्याकडे उपलब्ध नाही, सर.”

“बरं. मी शनिवारी निघतोय. एवढंच.”

फोन बंद झाला. लगेच पुढचा लागला. कोणीतरी आजोबा पासवर्ड विसरले होते. तिने त्यांना तीन वेळा समजावलं आणि तिन्ही वेळा एक पायरी गाळली.

त्या संध्याकाळी बाबा टीव्हीसमोर बसले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा तोच उद्योग होता. एका कंपनीचे शेअर त्यांनी चढ्या भावात घेतले होते आणि ती कंपनी घेतल्यापासून जी घसरली ती घसरलीच. तरी रोज लेकीची चप्पल दारात वाजली की त्यांचा प्रश्न तयार असे.

“काय गं, येईल ना आपला भाव परत?”

एरवी ती “बघू” म्हणून आत जायची. आज ती त्यांच्या शेजारीच बसली.

“नाही येणार, बाबा. आणि हे तुम्हालाही माहीत आहे. मग का थांबलाय?”

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“विकलं की नुकसान खरं होतं ना,” ते म्हणाले. “तोवर नुसता आकडा असतो. सकाळी उठून वाटतं, आज काहीतरी होईल. तेवढं वाटणंही गेलं, तर मग मी दिवसभर करू काय?”

आपण यांची समजूत घालायला बसलो आणि हे आपल्याच मनातलं बोलले, असं तिला झालं. तीही तेच करत होती. काही बोलायचं नाही, खाली जायचं नाही, म्हणजे काही गेलंच नाही. आणि शनिवारी तो जाणार होता.

“तुला काय झालंय?” बाबांनी विचारलं. “आवाज बसलाय तुझा.”

“एक माणूस शहर सोडून चाललाय.”

बाबांनी आता टीव्ही बंदच केला. “चांगला आहे?”

“हो.”

“मग मला काय विचारतेस? मी तर या बाबतीत आयुष्यात बरोबर वेळ साधलेली नाही. तू तरी साध.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होताच ती खाली गेली. तो फ्रेमा मोजून मालकाच्या खोक्यात भरत होता. तिला पाहून उभा राहिला आणि पुन्हा फ्रेमा मोजू लागला.

“मी बरोबर उत्तर दिलं होतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे. काल आणखी पडला बाजार.”

“मग रागावलात कशाला?”

“रागावलो नाही.” त्याने हातातली फ्रेम खोक्यात ठेवली. “विकायचं ते मला कळत होतं. मला वाटलं, तुम्ही ‘थांबा’ म्हणाल. म्हणून तर विचारलं.”

“मला तेच म्हणायचं होतं,” ती म्हणाली. “म्हणूनच म्हटलं नाही. तुमचं नुकसान करून तुम्हाला ठेवून घ्यायचं... ते मला जमलं नसतं.”

बाहेर एक गिऱ्हाईक दारात डोकावलं आणि दोघांचे चेहरे बघून मुकाट्याने परत गेलं.

“आता म्हणा ना,” तो म्हणाला.

“आता काय उपयोग?”

“मला ऐकायचंय.”

तिने खोल श्वास घेतला. दिवसाकाठी शेकडो वाक्यं बोलणारी ती, या एका शब्दाला अडली.

“थांबा,” ती म्हणाली. “पण ऐकू नका माझं. आई वाट बघतायत, तुम्ही जा. मला तुम्ही आवडता. फार. एवढं तुम्हाला माहीत असू दे, म्हणजे मला...”

त्याने खोकं बाजूला सरकवलं आणि काउंटरवरचा तिचा हात हातात घेतला. हात थंड होता.

“मी इथून चाललोय,” तो म्हणाला. “तुमच्यापासून कुठे चाललोय? गाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे. रविवारी याल?”

“लगेच नाही यायची. बाबांना काय सांगू?”

“त्यांनाही आणा.”

“ते तुमच्या आईंना शेअर घ्यायला लावतील.”

“आईच त्यांना सोनं घ्यायला लावेल. तुम्ही काळजी करू नका.”

ती लगेच नाही, पण गेली. चार-पाच रविवार फोनवरच निघून गेले. मधे बाजार थोडा सावरला, प्रश्न काही कमी झाले नाहीत. बाबांनी आपले शेअर अजूनही ठेवले होते, पण टीव्ही आता ते जेवताना बंद करत. मग एकदा तिने दोन दिवसांची रजा टाकली. साहेबांनी विचारलं, “काही विशेष?” तर ती सरळ “हो” म्हणाली.

बस पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बारीक भुरभुर पडून गेली होती आणि स्टँडची फरशी ओली होती. तो खांबाशी उभा होता, हाताला रंगाचे डाग. नव्या गाळ्याच्या भिंती तोच रंगवत होता.

त्याने तिची बॅग घेतली. “दमलात?”

हा प्रश्न तिला रोज कोणी ना कोणी विचारायचं आणि ती रोज सांगायची, छे, अजिबात नाही.

“हो,” ती म्हणाली. “खूप दमलेय. कालपरवाची नाही... कितीतरी दिवसांची.”

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. गाळा समोरच दिसत होता, अर्धा रंगवलेला. तो तिला दाखवायला किती उतावीळ झाला असेल हे तिला कळत होतं.

“दुकान कुठे पळून जात नाही,” तो म्हणाला. “घरी चल. आईने खाट घालून ठेवलीय.”

‘चला’ नाही, ‘चल’. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले आणि तो बॅग घेऊन भराभरा पुढे निघाला.

“हळू चाल ना,” ती मागून म्हणाली. “मला कुठे परत जायची घाई आहे?”