तिसरी हाक

चेंदणी कोळीवाड्यातला दामाजी तसा भित्रा नव्हे; पण खाडीचा एक नेम त्यानं जन्मभर पाळला. धुक्यात पाण्यावरून हाक आली, तर तिसरीपर्यंत ओ द्यायची नाही. बुडालेला दोनदाच हाक मारतो, जिवंत माणूस तिसऱ्यांदाही मारतो, असं त्याचा बाप सांगायचा.

त्या नेमानंच घात केला. मागच्या पौषात, सकाळी आठच्या सुमाराला, दामाजी धुक्यात एकटाच जाळं ओढत होता. वर हेलिकॉप्टरचा आवाज होता, तो मध्येच तुटला. इंजिन बंद पडलेलं. नुसती पात्यांची फडफड खाली खाली आली आणि चिखलात धप्प आवाज झाला. मग रॉकेलसारखा वास, आणि हाक.

"कोणी आहे का?"

पुन्हा एकदा, "कोणी आहे का...?"

दामाजीनं वल्हं थोपवलं आणि तिसरीची वाट बघितली. ती आलीच नाही. भरती मात्र आली. पायलट पट्ट्यात अडकून बुडाला. काढला तेव्हा मूठ वर होती. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर वीस मिनिटं तरी जिवंत असणार. दामाजी हे बायकोपाशी, मालूपाशीसुद्धा बोलला नाही. पण त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना.

यंदाच्या पौषात मुलाला, दिपेशला घेऊन तो त्याच जागी गेला. धुकं दाट. इंजिनाचा आवाज नव्हता, तरी वरून फडफड उतरली. रॉकेलचा वास आला.

"कोणी आहे का?"

दिपेशनं बापाचा हात धरला. "बाबा... थांबा जरा."

"कोणी आहे का...?"

"दोनच झाल्या, बाबा."

"मागच्या टायमाला थांबलेलो रे," दामाजी म्हणाला, आणि धुक्यात मोठ्यानं ओ दिली, "आहे! आलो!"

होडी एका अंगाला कलली, कोणी काठ धरून वर चढावं तशी. मग सरळ झाली. पाण्यावर कोणीच नव्हतं. बापलेक परतले. दोघं वल्हवत होते, तरी होडी जड जात होती.

घरी पोचले तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. मालू आत तांदूळ धूत होती. दामाजी मोरीत पायांचा चिखल काढत होता, तोच दाराशी कोणीतरी बोललं.

"कोणी आहे का?"

दिपेशनं बापाकडं बघितलं. दामाजी चिखलाच्या पायांनीच उठला. मालूलाही नेम ठाऊक होता; पण तो खाडीचा, घरात कोण हाका मोजत बसतं?

"आहोत की," ती आतूनच म्हणाली. "या, आत या."