बटणांच्या दुकानाची किंमत

“अक्का, त्या बाई आल्या की तू आतच थांब. आणि कोणी विचारलंच, तर तू इथे फक्त राहतेस, एवढंच सांगायचं!”

फक्त राहतेस...

धाकटा हे बोलला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, म्हणून त्याला अक्काचा चेहरा दिसला नाही. बरंच झालं! दिसला असता तरी त्याला काय कळणार होतं? गेल्या कित्येक वर्षांत त्याने त्या चेहऱ्याकडे मान वर करून बघितलं असेल ते वीजबिल कुठे ठेवलंय, हे विचारण्यापुरतं.

“बरं,” अक्का म्हणाली.

तिचं सगळं आयुष्य या एका शब्दावर उभं होतं. आई गेली तेव्हा धाकटा आठ वर्षांचा आणि ही एकोणीसची. नातेवाईक म्हणाले, आता तूच याची आई... ही म्हणाली, बरं. पुढे तो मोठा झाला, डोक्यात धंद्याचं खूळ शिरलं, संगणकावर त्याने एक दुकान उघडलं आणि म्हणाला, “अक्का, चार दिवस गिऱ्हाइकांना उत्तरं दे, मग आपण माणूस ठेवू.” शिवणकामाच्या कारखान्यात ती कापड बेतायची, तिच्या हाताखाली सहा बायका होत्या. ती नोकरी सोडून ही म्हणाली, बरं. नऊ वर्षं झाली, माणूस काही ठेवला नाही. कशाला ठेवेल? घरात फुकटचं माणूस असताना विकतचं आणतो कोण! घर नावाच्या जागेत फुकट राबण्याला माया म्हणतात, आणि राबणारीने तोंड उघडलं की त्याच मायेला हिशेबीपणा म्हणतात. हे जगजाहीर आहे, फक्त कोणी बोलत नाही.

दुकान होतं बटणांचं. कोणाच्या कोटाचं, कोणाच्या झग्याचं एकच बटण हरवतं आणि त्या एका बटणापायी अख्खा कपडा कपाटात पडून राहतो. अशी माणसं उरलेल्या बटणाचा फोटो पाठवत आणि दुकान त्यांना तस्संच दुसरं बटण शोधून देई. दुकान म्हणजे कोण? मधली खोली. तिथे भिंतभर खण होते. शिंपल्याची, शिंगाची, लाकडाची, मागे कडी असलेली, दोन भोकांची, चार भोकांची हजारो बटणं. आणि त्यांच्या मधोमध खुर्चीवर अक्का. एका चिमुरडीने पहिल्याच आठवड्यात पत्रात विचारलं होतं, तुम्ही कोण? हिने लिहिलं, “मी बटणवाली मावशी.” तेव्हापासून ती शेकडो अनोळखी माणसांची मावशी झाली. पत्राखाली ती एवढीच सही करायची. धाकट्याने त्यातलं एकही पत्र कधी उघडलं नव्हतं; ती पुटपुटत लिही, तेवढं जाता येता त्याच्या कानावर पडे. त्याला आकडे दिसत, पत्रं दिसत नसत.

आता एका बड्या कंपनीला हे दुकान विकत हवं होतं. भावजयीला दूरच्या शहरात मोठी नोकरी लागली होती. तिथे घर घ्यायचं तर पैसा हवा, आणि पैसा हवा तर दुकान विकायला हवं. भाव ठरवण्यासाठी दोन्ही बाजूंना मान्य अशा एक बाई येणार होत्या. त्यांचं कामच ते होतं, धंद्यांची किंमत काढण्याचं.

बाई आल्या. अक्का मधल्या खोलीत दाराआड बसली, हातात उगाच एक खण घेऊन.

“सोपं आहे,” बाईंचा आवाज धारदार कात्रीसारखा होता. “वर्षाचा निव्वळ नफा घ्यायचा आणि त्याला गुणायचं. कितीने गुणायचं, हा खरा प्रश्न. मालक उठून गेला तरी धंदा चालत असेल तर चारने. एकाच माणसाच्या जिवावर चालत असेल तर फार तर दोनने. कारण ते माणूस काही विकत मिळत नाही. आणि हो, घरातलं कोणी बिनपगारी राबत असेल, तर त्या कामाचा बाजारातला पगार मी नफ्यातून आधी वजा करते. लोक तिथेच लबाडी करतात.”

“आमच्याकडे तसं कोणी नाही,” धाकटा म्हणाला.

“मग रोज ही साठ-सत्तर पत्रं येतात, त्यांना उत्तर कोण देतं?”

अक्काचा हात खणातल्या खणात थांबला. क्षणभर तिला वाटलं... छे, काय वाटायचं ते वाटून गेलं.

“प्रोग्रॅम आहे आमचा,” धाकटा सहज म्हणाला. “फोटो बघतो, बटण ओळखतो, उत्तर पाठवतो.”

“अस्सं? मग त्याचीही किंमत धरावी लागेल. पण मी तीन आठवडे त्याचं काम बघणार. जुनी पत्रंही लागतील.”

बाई गेल्यावर धाकटा मधल्या खोलीच्या दारात आला. किती दिवसांनी! पहिल्या वर्षी तो इथेच जमिनीवर मांडी घालून बसायचा, दोघं बटणं निवडायची, तो मुद्दाम चुकीच्या खणात बटण टाकायचा आणि ही त्याच्या पाठीत धपाटा घालायची. आता तो उंबऱ्यावरच थांबला, चौकटीला हात लावून.

“ऐकलंस ना? तीन आठवडे यंत्रासारखं लिही.”

“यंत्र कसं लिहितं रे?”

“मोजकं! बाळा नाही, तब्येत कशी आहे नाही, मावशी तर अजिबात नाही. जोड आहे किंवा जोड नाही. संपलं. जुनी पत्रं काय, त्या नुसती मोजतील!”

“आणि मी... बाईंना खरं सांगितलं तर?”

“तर किंमत निम्म्यावर येईल, घर हातचं जाईल आणि आम्ही बसू इथेच. अक्का, एवढं कर ना!”

आम्ही बसू इथेच... त्याला कल्पनाही नव्हती की त्याने केवढा मोह तिच्या पुढ्यात ठेवला! एक वाक्य. ‘बाई, पत्रं मी लिहिते.’ एवढं बोललं की तो कुठे जाणार नव्हता. त्याच्या पावलांचा आवाज याच घरात राहिला असता, त्याचं ओरडणं, त्याचं दार आपटणं, सगळं सगळं! आणि वर तिचं नावही झालं असतं. हवं ते सारं एका वाक्यात होतं, आणि म्हणूनच ते वाक्य तिला तोंडातून काढता येईना. ज्याला हाताचा पाळणा करून वाढवलं, त्याच्या पायात आपलीच ओढ बांधायची?

“बरं,” ती म्हणाली.

आणि अक्का यंत्र झाली. ‘विनंती मिळाली. जोड उपलब्ध.’ ‘विनंती मिळाली. जोड उपलब्ध नाही.’ लग्नाच्या कोटाचं बटण शोधणाऱ्या मुलाला तिने शुभेच्छा दिल्या नाहीत. बाळंतपणाला गेलेल्या एका शिक्षिकेला मुलगा की मुलगी, विचारलं नाही. जिभेला टाके घातलेल्या माणसासारखी ती दिवसभर त्या खुर्चीत बसे. उत्तर टाइप करी, त्यात चुकून एखादं ‘गं’ शिरलं की पुसून टाकी.

दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, बँडमास्तरांचं पत्र आलं. सहा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. निवृत्त झालेला हा माणूस बटणापेक्षा बायकोच्या दुखण्याबद्दल जास्त लिहायचा, आणि अक्काही त्यांना दोन ओळींच्या जागी दोन पानं लिहायची. त्यांनी लिहिलं होतं, “मावशी, ती गेली. तिच्या निळ्या स्वेटरला वरून तिसरं बटण नाही. तिला जाताना तोच घालायचा होता, पण अपुरा म्हणून घातला नाही. आता घडी करून ठेवणार आहे. पुरा करून ठेवावा म्हणतो.”

अक्का त्या पडद्याकडे बघत राहिली. बोटं आपोआप उठली... ‘मास्तर, अहो काय झालं हे’... आणि तिथेच थांबली. बाई बघणार. बाई सगळं बघणार. तिने एक एक अक्षर खोडलं, डोळ्यांतून धार लागलेली असताना खोडलं, आणि त्या म्हाताऱ्याला, ज्याचं घर नुकतंच रिकामं झालं होतं त्याला, लिहिलं:

‘विनंती मिळाली. निळे, चार भोकांचे. जोड उपलब्ध.’

स्वतःचा जीव देणाऱ्यांची फार स्तुती होते. पण त्या त्यागात भलत्याच माणसाचा जीव दुखावतो, त्याचं काय? तो दुखावणारा हात आपलाच असतो. अक्का त्या दिवशी जेवली नाही. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

तीन आठवडे संपले. बाई पुन्हा आल्या, हातात कागदांचा गठ्ठा. अक्का आतच होती. बाहेर कुजबूज झाली, मग बाईंचा आवाज, “...दोनदा, तीनदा येणारं गिऱ्हाईक तुमचा कणा होतं. तीन आठवड्यांत ते निम्म्याने घटलंय,” आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा कर्कश आवाज. दार धाडकन उघडलं.

“तूच केलंस!” धाकटा दारातूनच ओरडला. “एवढंसं काम सांगितलं होतं, तेही मुद्दाम बिघडवलंस! मी जाऊ नये म्हणून, होय ना? सांग ना! मी जाऊ नये म्हणूनच ना?”

अक्का काय सांगणार? आरोप खोटा होता, पण इच्छा तर खरी होती! तो जाऊ नये असं तिला वाटत होतं, उठता बसता वाटत होतं. चोरी न करताच चोराच्या मनाने ती खाली बघत राहिली.

“अहो, जरा हळू...” मागून भावजय म्हणाली.

बाई त्याच्या मागोमाग आत आल्या होत्या. त्यांनी भिंतभरचे खण बघितले, खुर्चीवरची झिजलेली गादी बघितली, अक्काचे सुजलेले डोळे बघितले.

“म्हणजे हा तुमचा प्रोग्रॅम,” त्या म्हणाल्या.

“नाही, नाही!” अक्का घाईने उठली. “मी आपली कधीमधी... रिकामपणाचा उद्योग. त्याच्यात माझं काही नाही, बाई. तुम्ही किंमत कमी नका करू!”

बाईंनी गठ्ठा उघडला. गठ्ठ्यातून एक कागद काढून त्यांनी धाकट्याच्या हातात दिला. “मोठ्याने वाचा. तुमच्याच दुकानाला आलंय.”

तो रागातच वाचू लागला. “‘दुकानाचे मालक यांस. सहा वर्षांत आज पहिल्यांदा मला यंत्राने उत्तर दिलं. बटण नको. मावशी गेली का, एवढंच कळवा. गेली असेल तर लपवू नका. एका महिन्यात माझी दोन माणसं गेली असतील, तर मला ते... मला ते माहीत असायला हवं...’”

त्याने कागद खाली केला.

“आता हे,” बाईंनी दुसरा कागद पुढे केला. “हे उत्तर आहे. चार वर्षांपूर्वीचं.”

हा त्याने मोठ्याने वाचला नाही. अक्काला मात्र कागदाच्या कोपऱ्यावरूनच ओळखू आलं, काय ते. बायको बोलत नाही, दिवसदिवस भिंतीकडे बघते, असं मास्तरांनी कळवलं होतं. आणि तिने लिहिलं होतं, ‘माझा धाकटाही माझ्याशी बोलत नाही हो, मास्तर. कामात असतो. पण शेजारच्या खोलीत त्याचा खोकला ऐकू येतो, तेवढ्यावर माझा दिवस जातो. तुम्हीही तेवढ्यावर काढा.’

धाकट्याने कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. मग तो चाळीशीला टेकलेला, कमावता, जगाला आकडे तोंडावर फेकणारा माणूस तिथेच बटणांच्या खणांना पाठ लावून जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

“बाई, लिहून घ्या,” तो म्हणाला. “प्रोग्रॅम नाही. माझी बहीण आहे. नऊ वर्षं. पगार... पगार कधीच दिला नाही.”

“मग मी नफा पुन्हा काढते,” बाई म्हणाल्या. आवाज तसाच होता, पण पेन उघडायला त्यांना जरा वेळ लागला. “पगार वजा होईल, आणि गुणायचं दोननेच. तुम्ही मागितलं होतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. या स्वतः दोन वर्षं नव्या मालकाकडे राहायला कबूल असतील, तर थोडं वर.”

“राहीन की!” अक्का लगेच म्हणाली. “त्याचं घर होऊ दे. मी कुठेही बसून लिहीन.”

“गप्प बस!” धाकटा ओरडला. मग तोच आवाज फुटला. “अक्का, आता तरी एकदा नाही म्हण गं! मला एकदा तरी नाही म्हण!”

एवढं कोणी तिच्याकडे कधी मागितलं नव्हतं. घशात पन्नास वर्षांच्या जगण्याचे ‘बरं’ एकावर एक रचलेले होते.

“नाही,” अखेर ती म्हणाली, इतक्या हळू की भावजयीने विचारलं, “काय म्हणालात, ताई?”

“नाही म्हणाले. दुकान विकायचं नाही. हे माझं आहे.”

भावजयीने नवऱ्याकडे बघितलं, मग डोळे पुसले. “मग आपण तिकडे भाड्याचं बघू,” ती म्हणाली. “नोकरी तर मला पहिल्या तारखेला धरायचीच आहे. आणि ताई, हे इतकी वर्षं का नाही बोललात?”

“विचारलं कोणी गं?”

बाई कागद आवरून निघून गेल्या. दुकान अक्काच्या नावावर करायचं ठरलं. आणि धाकटा जाणार होता, हेही ठरलेलंच राहिलं. रडल्याने गाड्या थांबत नाहीत. बारा दिवस उरले होते. पुढे शेजारच्या खोलीतून काहीच ऐकू येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

पण त्या दुपारी तो उठून गेला नाही. त्याने दुसरी खुर्ची ओढून तिच्या शेजारी घेतली.

“मास्तरांना उत्तर द्यायचं राहिलंय,” तो म्हणाला. “मी लिहू?”

“लिही.”

“काय लिहू?”

“ते मी नाही सांगणार. तुझं तू लिही.”

नऊ वर्षं या दुकानाचा मालक, आणि एका गिऱ्हाइकाला दोन शब्द लिहायला त्याच्या कपाळाला घाम फुटला. तीनदा लिहून तीनदा पुसलं. मग एका बोटाने, शाळेतल्या मुलासारखं, एक एक अक्षर दाबत त्याने लिहिलं:

‘मास्तर, चूक माझी होती. मावशी आहे. माझ्या शेजारीच बसली आहे.’