पाण्यालगतची खोली

जिथून समुद्र गाठायला एक अख्खी रात्र गाडीत काढावी लागते, अशा शहरात जहाजाच्या सहली विकणं म्हणजे खूळच. युसराला हे तिच्या अम्मीपासून खालच्या मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालं होतं. गारखेड्यातल्या तिच्या छोट्या ऑफिसचं भाडं वेरूळच्या टॅक्सी आणि मक्केच्या उमराह यात्रेची तिकिटं यांतूनच निघायचं. पण जीव मात्र तिचा क्रूझमध्ये. कुणी जिना चढून आलं आणि ‘जहाजाचं काही आहे का हो?’ असं विचारलं, की बाईसाहेब लगेच चहा मागवायच्या.

तिची एक पद्धत होती. कुठं जायचंय, हे ती आधी विचारतच नसे. ‘सकाळी उठल्या उठल्या काय करता?’ हा तिचा पहिला प्रश्न. माणूस सुट्टीत बदलत नाही, यावर तिचा ठाम विश्वास होता. पहाटे उठून पेपरची वाट बघणाऱ्या माणसाला रात्रभर डीजे वाजणाऱ्या गोव्याच्या बोटीवर चढवलं, तर तो परत येऊन शिव्याच घालणार. त्याला लक्षद्वीपकडं जाणारी शांत बोट द्यावी. गुडघे दुखणाऱ्याला लिफ्टजवळची खोली, मळमळणाऱ्याला जहाजाच्या मध्यावरची. आणि सगळ्यांत शेवटी ती खोली दाखवायची त्या व्हीआर चष्म्यातून. डोळ्यांवर तो ठोकळा बांधला की माणसाला वाटायचं आपण जहाजावरच उभे आहोत. चांगले पोट सुटलेले बिल्डर टेबल घट्ट धरून ठेवायचे. युसराला ते बघायला फार आवडायचं.

पुंजाराम आणि आशाबाई आले ते थंडी सरता सरता. मुलगा विश्वजीत बंगळुरूला नोकरीला. आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस म्हणून त्यानं फोनवरून सगळं ठरवून टाकलं होतं. जहाज तेवढं त्यांनी पसंत करायचं होतं. पुंजाराम वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलके, इस्त्रीचा शर्ट घातलेले. आशाबाई साठीच्या पुढच्या, पदर नीट करत खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या.

“मी उठलो की आधी मोटर चालू करतो,” पुंजाराम म्हणाले. “टाकी भरल्याशिवाय चहा गोड लागत नाय.”

“आणि मावशी, तुम्ही?”

“मी खिडकीत बसते,” आशाबाई म्हणाल्या.

यापेक्षा सोपं गिऱ्हाईक कुठलं! युसरानं सगळ्यांत वरच्या मजल्यावरची, बाल्कनीची खोली चष्म्यात लावली आणि आशाबाईंच्या डोक्यावर पट्टा बसवला. आशाबाईंनी मान वाकवून खाली बघितलं.

“लई उंच हाय. खालची नाय का?”

मधल्या मजल्यावरची दाखवली. तीही उंच. शेवटी युसरानं अगदी खालची लावली. गोल, जाड काचेची बंद खिडकी आणि जवळजवळ काचेला टेकलेलं पाणी. ही खोली सहसा कुणी घेत नसे. आशाबाई काचेकडं पुढं वाकल्या. मग हळूच, शेजारघरच्या पोरीशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, “हाव गं. हाये मी.”

पुंजाराम ओशाळून हसले. आशाबाईंनी चष्मा काढला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण चेहरा कसा उजळला होता. “हीच घ्या,” त्या म्हणाल्या.

ते गेल्यावर युसरानं नेहमीप्रमाणे चष्मा पुसायला घेतला. आतला फोम चांगलाच भिजला होता. रडल्या असतील, असं म्हणून तिनं तो पिळला आणि तिच्या बोटांना वास आला. उन्हाळ्यात धरण मागं सरकलं की उघड्या पडलेल्या गाळाला येतो तो, काळा, थंड वास. तिनं साबणानं हात धुतले आणि खिडकी उघडली.

दोन दिवसांनी दुपारच्याला आशाबाई एकट्याच आल्या. ‘पुन्यांदा बघू द्या’ म्हणाल्या. मग पुन्हा आल्या. येताना कधी बोरं आणत, कधी डब्यात धपाटे. युसराला त्यांचं येणं आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोला. अम्मी गेल्यापासून तिला कुणी असं डब्यातून काही आणलं नव्हतं. पण आशाबाई चष्मा लावून हसायच्या, मान डोलवायच्या, ‘जेवलीस का?’ विचारायच्या, तेव्हा युसरा उगाचच कॉम्प्युटरकडं वळायची. त्या चष्म्यात काय आहे ते तिला पाठ होतं. एका निळ्या समुद्राचा छोटासा व्हिडिओ, संपला की पुन्हा सुरू होणारा.

एकदा न राहवून तिनं विचारलं, “मावशी, कोणाशी बोलता?”

“दगडीशी.” आशाबाईंनी सरळ सांगितलं. “माझी धाकली बहीण. आधीची दोन लेकरं ऱ्हायली नाय, म्हणून हिचं नाव दगडी ठिवलं. कुणाची नजर लागू नये.”

मग त्यांनी सांगितलं. जायकवाडीचं धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्यात गेलं. माणसांनी घराच्या चौकटी, दारं, आढी काढून बैलगाड्यांत भरली होती. पाणी यायला अजून वेळ आहे म्हणत म्हणत सगळं शेवटच्या दिवसावर आलं. घरच्या दोन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीला वाटलं दगडी मागच्या गाडीत आहे, मागच्या गाडीला वाटलं ती पुढं बसली. संध्याकाळी नव्या गावठाणात उतरल्यावर कळलं. बाप उलट्या पावली पळाला, पण तोवर रस्त्यावर पाणी आलं होतं.

“मग तुम्ही नाथसागरावर, त्या धरणाच्या पाण्यावर, जा ना, मावशी. इथं तासाभरावर तर आहे.”

“जाते की. दर उन्हाळ्यात जाते. वरून नुसतं पाणी दिसतं. असं आतून कुठं दिसतं?”

“पण गोदावरी तर तिकडं पूर्वेला जाते. ही बोट मुंबईहून सुटते, पश्चिमेला,” युसरा म्हणाली. बोलल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

“पान्याला कशाची आलीय पूर्व-पश्चिम,” आशाबाई म्हणाल्या. “ती तिथंच बसलीय, बाई. वाट बघत. मला तिला घिऊन यायचंय.”

त्या दुपारी आशाबाईंना रिक्षात बसवून युसरा वर आली. चष्मा टेबलावर पडला होता. तिनं तो आजवर शंभर वेळा लावला असेल. पण आशाबाईंनी काढल्या काढल्या, असा ओला, कधीच नाही. बाई, तू शिकलेली आहेस, असं स्वतःला बजावून तिनं तो डोळ्यांवर चढवला.

गोल खिडकी. तीच.

बाहेरचं पाणी निळं नव्हतं. ते तांबूस, गढूळ होतं, पाटात असतं तसं.

हळूहळू नजर बसली. एक कडुनिंब. त्याची पानं वाऱ्यानं हलावीत तशी पाण्यात हलत होती. त्याच्याखाली घर, दारं नसलेलं. चौकटी काढलेल्या जागी नुसती भोकं.

युसराला हात वर न्यायचा होता. जाईना.

त्या भोकातून कुणीतरी बाहेर आलं. लहान. परकर घातलेलं. पोहत नव्हतं, चालत होतं. अंगणातून चालावं तसं.

ते जवळ आलं. काचेवर एक तळवा टेकला.

मग काचेवर टकटक झाली. हलकी, विचारून केल्यासारखी. आवाज कानात आला नाही. चष्म्याची चौकट कपाळावर दोनदा हलली.

युसरानं चष्मा ओढून काढला. दारात आशाबाई उभ्या होत्या, पिशवी विसरली म्हणून परत आलेल्या.

“दिसली?” त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर इतकी आशा होती की युसराला नाही म्हणवलं नाही.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. गूढबीढ सोडा, तिला साधी, माणसाची भीती वाटत होती. एक म्हातारी बाई, बुडालेल्या बहिणीला आणायला निघालेली, आणि आपण तिला समुद्रावर पाठवतोय. सकाळी तिनं विश्वजीतला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“दगडीमावशीचं दुःख आईनं आम्हाला कधी बोलून दाखवलं नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला सांगितलं, म्हणजे तुम्ही जवळच्या झालात. आई हल्ली गाणी म्हणते, मॅडम. बाबा सांगत होते. प्लीज, कॅन्सल नका करू.”

मग युसरानं डोकं चालवलं. बाल्कनीतून माणूस खाली जाऊ शकतो. खालच्या खोलीची गोल खिडकी मात्र उघडतच नाही. काच पक्की बसवलेली असते. म्हणजे आशाबाईंना हवी होती तीच खोली सगळ्यांत सुरक्षित. तिनं तीच बुक केली आणि पुंजारामांना बजावलं, “काका, डेकवर मावशींना एकटं सोडायचं नाही.”

जहाज सुटल्यावर तिचं कशातच लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी पुंजारामांचा फोन आला तेव्हा तिनं घाईघाईनं उचलला.

“झकास हाय सगळं! जेवण तर काय विचारू नका. हां, खोलीत जरा ओल हाय. गालिचा बदलून दिला त्यांनी, पुन्हा ओला झाला. खिडकी बघून गेले. बंदच हाय म्हणतात.”

“मावशी बऱ्या आहेत ना?”

“हिला काय धाड भरलीय! डेकवर यायचं नावच नाय. खिडकीशी बसून ऱ्हाती. काल उशी जास्तीची मागून घेतली.”

त्यानंतर रेंज गेली. युसरानं मन्नत मागितली, जी ती एरवी कधीच मागत नसे. आशाबाई सुखरूप घरी येऊ देत, एवढंच. दुसरं काही तिला नको होतं.

आणि त्या आल्या. दोघंही आले, उन्हानं रापलेले, हातात काजूचं पाकीट घेऊन. आशाबाई दहा वर्षांनी तरुण दिसत होत्या. त्यांनी युसराच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. “तुझं भलं व्हईल, पोरी,” म्हणाल्या. युसराला रडूच आलं. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा तसं झालं. शेवटी काहीच झालं नव्हतं. एक बाई समुद्रावर जाऊन आली होती, तिचं मन हलकं झालं होतं. सहली याचसाठी तर असतात.

ती त्यांना सोडायला खाली रस्त्यापर्यंत गेली. पुंजारामांनी रिक्षा थांबवली. मागची सीट अख्खी रिकामी असताना ते सवयीनं जाऊन ड्रायव्हरशेजारी, पुढच्या फळीवर टेकले. आशाबाई मागं चढल्या आणि एका कडेला सरकून बसल्या. ड्रायव्हरनं किक मारली.

“थांब बाबा,” आशाबाई म्हणाल्या. “बसू तर दे तिला.”

ड्रायव्हरनं आरशात बघितलं, मग युसराकडं बघितलं. युसरा फुटपाथवर उभी होती. तिचा एक पायसुद्धा रस्त्यावर नव्हता.

रिक्षा मागच्या बाजूनं किंचित दबली.

“हां,” आशाबाई म्हणाल्या. “चल आता.”