निळं काहीच उरलं नाही

त्या सकाळी तिचं पहिलं भांडण लिफ्टशी झालं. चौथ्या मजल्याचं बटण दाबलं की लिफ्ट तिसऱ्यावर दार उघडायची आणि तिथंच ढिम्म उभी राहायची. तिने दाराला एक लाथ घातली, जिना चढली आणि धापा टाकत कॉफीच्या मशीनपाशी पोचली, तर कॉफी संपलेली. हे दुसरं भांडण. तिसरं विभागप्रमुखाशी व्हायचं होतं, पण तो अजून आला नव्हता.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. लहानपणी वडील तिला खाजकुयली म्हणायचे. नुसता हात लागला तरी दिवसभर खाजवत बसा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण धाकटी बहीण अजून त्याच नावाने चिडवायची. धाकटीला नववा संपत आला होता. रोज सकाळी ताईला फोन करून ती पोटातल्याच्या खोड्या सांगायची, आणि ताईचा दिवसभरातला तेवढाच काय तो बिनभांडणाचा वेळ असायचा.

तिचं काम सांगायला सोपं होतं. स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासावरून आत काय काय शिजतंय ते ओळखतात ना, तसं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा थवा. इतका लांब, की एकेक तारा सुटा दिसत नाही. दिसतो तो सगळ्यांचा मिळून एक उजेड. त्या उजेडात कुठल्या वयाचे तारे किती, हे तिने बनवलेलं मॉडेल सांगायचं. तांबूस उजेड म्हाताऱ्या ताऱ्यांचा. निळा नुकत्या जन्मलेल्या, भडक, तापट ताऱ्यांचा. हे तापट तारे फार जगत नाहीत. त्यामुळे निळं दिसलं की समजायचं, इथे अजून जन्म होताहेत.

आकाशाचं नवं सर्वेक्षण नुकतंच पुरं झालं होतं. त्यातल्या दीर्घिका मॉडेलमधून काढताना तिला तो पट्टा सापडला होता. आकाशाचा एक चिंचोळा तुकडा. त्यातल्या एकाही दीर्घिकेत निळं नव्हतं.

म्हाताऱ्या दीर्घिका पुष्कळ असतात, त्यात नवल नाही. पण याच दीर्घिका जुन्या सर्वेक्षणात निळ्याशार होत्या. तिने जुनं चित्र डावीकडे लावलं, नवं उजवीकडे. तेच आकार, तेच सर्पिल हात. फक्त हातांवरचे निळे ठिपके पुसल्यासारखे गेलेले. आणि निळे तारे असे उठून जात नाहीत. त्यांचं मरणही वाजतगाजत असतं, स्फोट होतात, महिनोन् महिने दिसत राहतात. इथे एकाही स्फोटाची खूण नव्हती.

चाळणी आला. तो विभागप्रमुख. हे नाव तिनेच ठेवलेलं, कारण आलेली सगळी निरीक्षणं तो चाळायचा: मनाजोगतं ते पीठ, उरलेलं कोंडा.

"सर, पट्ट्याचं काय करायचं?"

"कुठला पट्टा?"

"जो मी तुम्हाला दोनदा पाठवला आणि तुम्ही दोनदा वाचला नाहीत, तो."

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. "भिंगावर धूळ असेल. नाहीतर कॅमेऱ्याचा निळा फिल्टर खराब झाला असेल."

"धुळीला तारा आणि दीर्घिका यांतला फरक कळतो का? त्याच चित्रात आपले जवळचे निळे तारे होते तसे आहेत. फक्त दीर्घिकांमधलं निळं गेलंय. अशी हुशार धूळ मी तरी पाहिली नाही."

"मग तुझं मॉडेल चुकत असेल."

"दुसऱ्या गटाचं मॉडेल लावून पाहिलं. तेही हेच म्हणतंय."

चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता. तरी तो पुसत राहिला. "पुढच्या आठवड्यात सर्वेक्षण जाहीर करायचंय. तेवढा पट्टा वगळू."

"वगळू? आकाश आहे ते, सर. तुमच्या सदऱ्याची बाही नाही, लांब झाली म्हणून कापायला."

शेजारच्या खोलीतलं टंकन थांबलं. तिचा आवाज नेहमीप्रमाणे भिंतीपलीकडे गेला होता. चाळणी आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. त्याच दुपारी पट्टा वगळल्याचं दोन ओळींचं पत्रक सगळ्यांना आलं. कारण: तांत्रिक दोष.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आदळआपट करून पट्टा परत येणार नव्हता. डोंगरावरच्या दुर्बिणीवर एक जुना तंत्रज्ञ होता, तिच्या शिव्या खाऊन खाऊन मित्र झालेला. तिने त्याला गळ घातली: पट्ट्याची कड जिथे आहे तेवढीच जागा पुन्हा टिपून दे, कुणाला विचारू नकोस.

मधल्या दिवसांत ती वायूची निरीक्षणं घेऊन बसली. तारे वायूपासून जन्मतात. तारे नाहीत म्हणजे वायू संपला असणार, असा तिचा सरळ हिशेब होता. वायू संपला नव्हता. ढगच्या ढग होते, थंड, दाट, कोसळून तारा व्हायला अगदी तयार. आणि ते कोसळत नव्हते. सगळं सामान मांडून ठेवलेलं, आणि कुणीतरी हात वर करून 'थांबा' म्हटल्यासारखं.

आणखी एक गोष्ट तिला छळत होती. त्या दीर्घिका एकमेकींच्या शेजारी नव्हत्या. एक जवळ, दुसरी तिच्या दसपट लांब. फक्त इथून बघताना एका रांगेत दिसणाऱ्या. एकीचा उजेड निघाला तेव्हा दुसरीचा केव्हाचा वाटेला लागला होता. मग सगळ्यांमधलं निळं एकाच वेळी कसं गेलं? ते तिकडे घडलं असतं, तर इथे ते वेगवेगळ्या काळी दिसायला हवं होतं. एकाच वेळी दिसायचं, तर ते इथेच...

तिने तो विचार तिथेच सोडला आणि उगाच खिडकी उघडली. बाहेर भर दुपार होती. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

तंत्रज्ञाचा फोन आला तेव्हा ती डबा खात होती.

"बाई, चिडू नका," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलेल्या जागी कड नाही."

"नीट बघ. आकडे चुकले असतील तुझे."

"आकडे बरोबर आहेत. कड पुढे गेलीय. तुम्ही ज्या दीर्घिका निळ्या म्हणून दिल्या होत्या, त्याही आता तशाच झाल्यात. म्हणून मी आणखी पुढे सरकवून बघितलं. आपल्याच आकाशगंगेतला तो मोठा तेजोमेघ आहे ना, नवे तारे जन्मतात तो?"

"त्याचं काय?"

"मेघ आहे. नवे तारे नाहीत."

डबा तसाच टाकून ती चाळणीच्या खोलीत शिरली. दार वाजवलं नाही.

"पट्टा वाढतोय," ती म्हणाली. "आपल्या आकाशगंगेत आलाय. आता काय करणार? आकाशगंगा वगळणार?"

"दार लाव," तो म्हणाला.

"नाही लावत. ऐकू दे सगळ्यांना!"

मग त्यानेच उठून दार लावलं. परत येताना त्याने टेबलाच्या कडेचा आधार घेतला, आणि एरवी नीटनेटका दिसणारा हा माणूस किती खंगलाय हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

"तू पाहिलास तो उत्तरेकडचा," तो म्हणाला. "दक्षिणेकडचा मी मागच्या वर्षी कापला. त्याआधी आणखी एक होता."

ती ओरडलीच. "मागच्या वर्षी? तुम्हाला माहीत होतं, आणि मला धूळ सांगत होतात? धूळ?"

"काय सांगायला हवं होतं? तूच सांग, काय छापायचं? का थांबलंय ते मला माहीत नाही. कसं थांबवायचं तेही नाही. झाकली मूठ..."

"मूठ तुमची. आकाश तुमच्या बापाचं नाही!" तिने टेबलावरचा पेनांचा डबा उचलला आणि भिंतीवर भिरकावला. पेनं खोलीभर उधळली. चाळणी गुडघ्यांवर बसून एकेक पेन गोळा करू लागला.

"मला वाटायचं, मोजलं नाही तर पुढे येणार नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हसू नकोस."

ती हसणारच नव्हती. त्याच्या टाळूवरच्या विरळ केसांकडे बघताना तिला त्याचा गळा धरावासा वाटत होता, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. धाकटीचा नवरा.

"ताई, तुम्ही येता का जरा? सकाळीच हिला प्रसूतिगृहात आणलंय. दिवस उलटून गेले. कळा याव्यात म्हणून औषध दिलं, सुई दिली, काहीच नाही."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"तीच म्हणाली, ताईला सांगू नका, ती येऊन डॉक्टरांशी भांडेल."

ती खरंच भांडायच्या तयारीने निघाली. टॅक्सीत बसून वाक्यं जुळवत राहिली: हयगय, निष्काळजीपणा, जबाबदारी कुणाची. मेघांचा आणि याचा काही संबंध नाही, हे तिने स्वतःला बजावलं. एका बाईला उशिरा कळा येतात, रोज कुठे ना कुठे येतात. ती शिकलेली बाई होती. असल्या जोडण्या लावणाऱ्यांना तिने आजवर फाडून खाल्लं होतं.

प्रसूतिगृहाची पायरी चढताना तिला गर्दी दिसली. व्हरांड्यात जादा खाटा टाकलेल्या. खाटांवर पोटुशा बायका, कुशीवर वळलेल्या. त्यांच्याजवळ नवरे, सासवा, आया, सगळे हळू आवाजात बोलणारे. कुणी कण्हत नव्हतं. प्रसूतिगृहात इतकी शांतता असते का, हे तिला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाई व्हरांड्यातच भेटल्या. तिने तोंड उघडलं तोच त्यांनी हात वर केला.

"ओरडा, खुशाल ओरडा. सकाळपासून सगळे तेच करताहेत. बाळ उत्तम आहे. आई उत्तम आहे. वजन, पाणी, ठोके, बोट ठेवायला जागा नाही. फक्त सुरू होत नाहीये."

"मग ऑपरेशन करा!"

"टेबल तयार आहे. उद्या पहिलं नाव तुमच्या बहिणीचं." बाईंनी डोळे चोळले. "काल दोघींना आत नेलं होतं. तशाच परत आणल्या."

"का?"

बाई पुढच्या खाटेकडे वळल्या.

एक नर्स तिला आत घेऊन निघाली. नर्स तरुण होती आणि तिचं हसू चेहऱ्यावर नीट बसत नव्हतं.

"नवी जन्मलेली कुठे ठेवता?" तिने चालताचालता विचारलं.

"या बाजूला," नर्स म्हणाली. काचेपलीकडे पाळण्यांच्या ओळी होत्या. चादरी ताणून घातलेल्या, एकाही चादरीला सुरकुती नव्हती. नर्स तिथे रेंगाळली नाही.

लांबलचक खोली होती. दोन्ही भिंतींना खाटा, प्रत्येक खाटेशी पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणारं छोटं यंत्र. धाकटी खिडकीजवळ होती. ताईला बघून तिने हात पुढे केला.

"आलीस खाजकुयले? कुणाशी भांडलीस?"

"अजून कुणाशीच नाही."

"बरी आहेस ना?"

तिने धाकटीच्या पोटावर हात ठेवला. ते गरम होतं, घट्ट होतं. "लाथ मारतंय का?"

"नाही गं. दोन दिवस अगदी गप्प आहे. पण झोपलेलं नाही, ते कळतं आईला. जागं आहे." धाकटी जरा हसली. "कान देऊन ऐकत असल्यासारखं."

कुणावर तरी चिडावं म्हणून तिने मनात चाचपून पाहिलं. डॉक्टरीणबाई, धाकटीचा भोळा नवरा, चाळणी, गुडघ्यांवर बसून पेनं वेचणारा चाळणी. एकाचाही राग येईना. आयुष्यात पहिल्यांदा राग शोधूनही सापडत नव्हता, आणि त्याच्या जागी जे होतं ते तिला नको होतं. तिने धाकटीचा हात घट्ट धरला आणि नुसती बसून राहिली.

यंत्रातून ठोके येत होते. लहान बाळाचे ठोके, पळत्या पावलांसारखे. नियमित, स्वच्छ. ऐकून तिला जरा धीर आला.

काही वेळाने तिच्या ध्यानात आलं की खोलीभर एकच आवाज आहे.

"सिस्टर," तिने हळूच हाक मारली. "बाकीच्यांची यंत्रं का बंद ठेवलीत?"

नर्स पलीकडच्या खाटेवरची उशी सारखी करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"सगळी चालू आहेत," ती म्हणाली. "एकाच तालात."