अंधारातला अर्धा तास

निळ्या पाण्याचा कॅन घेऊन तो पहिल्यांदा प्रयोगशाळेत शिरला तो थेट तिच्यावरच धडकला. कॅन हिंदकळला आणि तिच्या पांढऱ्या कोटाची एक बाही निळीशार झाली.

"रंग पक्का आहे," तो म्हणाला. "जायचा नाही. आमच्या कारखान्याचा माल आहे."

"अशा वेळी माफी मागतात."

"तीच मागतोय... जरा अभिमानाने."

आठवडाभर आभाळ कुंद होतं आणि तिची हसायची सवय मोडली होती. तरी ती हसली.

तो रंगाऱ्याचा मुलगा. कापड रंगवून उरलेलं पाणी नदीत जातं, म्हणून त्यांच्या कारखान्याला टाळं लागायची वेळ आली होती; पाणी स्वच्छ होतं असा प्रयोगशाळेचा अहवाल मिळाला, तरच ते टळणार होतं. टाळं लागलंच, तर तो दूर काकांकडे कामाला जाणार होता. तिच्याकडे होती एक पांढरी पूड, डोळ्यांना कण दिसू नयेत इतकी बारीक. प्रकाश पडला की ती पूड पाण्यातला रंग तोडते. पण दिवा लावण्याआधी अर्धा तास सगळं अंधारात ढवळायचं. नाहीतर रंग खरंच तुटला की पुडीला नुसता चिकटला, ते कळत नाही. त्यात ती मिनिटाचीही सूट देत नसे. आणि नमुना आणणाऱ्याने शेवटपर्यंत थांबायचं, असा तिथला नियम.

म्हणून दर मंगळवारी पडदे ओढून दोघं अंधारात बसत. मध्ये ढवळणाऱ्या यंत्राची घरघर.

"मॅडम, आहात ना?"

"नाही, पळून गेले."

"मला न घेता?"

तिचे गाल तापले होते, पण ते कुणाला दिसणार!

सातव्या मंगळवारी पाणी काचेसारखं नितळ झालं. तो आनंदाने उड्याच मारायला लागला. तिचा चेहरा मात्र उतरला. रंग गेला होता, पण त्याचे तुटलेले तुकडे पाण्यातच होते; तपासणीचा आकडा तसं सांगत होता.

"अहवालात मी 'स्वच्छ' लिहिते," ती हळूच म्हणाली. "बघून कुणाला कळणार नाही... तुम्हाला जावं लागणार नाही."

त्याने ते नितळ पाणी उजेडाकडे धरून पाहिलं.

"नदीच्या खालच्या अंगाला माझी आत्या राहते," तो म्हणाला. "तेच पाणी पिते. माझ्यापायी खोटं लिहू नका."

तिने खरं तेच लिहिलं. सही करताना तिला रडू आवरलं नाही. आठवड्याच्या आत कारखान्याला टाळं लागलं.

मंगळवार उजाडला तो पावसातच. आता कॅन यायचं काही कारण नव्हतं. तरी तो दारात उभा होता, निथळत, हातात कॅन.

"हौदाच्या तळाशी एवढंच उरलं होतं. उद्या निघतोय."

"आता याचा काय उपयोग?"

"काही नाही. मला अर्धा तास अंधार हवाय."

तिने पडदे ओढले, पूड टाकली, घड्याळ लावलं. घरघर सुरू झाली.

"बोला ना..."

"उजेडात धीर होत नव्हता, म्हणून इथे आलो. आता इथेही होत नाही."

"मग मीच बोलते. माझं प्रेम आहे तुमच्यावर. तो कोट अजून धुतलेला नाही मी."

"धुतला तरी रंग जायचा नाही," तो म्हणाला. त्याचा खरखरीत हात चाचपडत तिच्या हातापर्यंत पोहोचला.

"परत याल?"

"ते तुकडेही तोडणारी पूड जमली की कळवा. पहिला कॅन मीच आणेन."

"आणि नाहीच जमली तर?"

त्याने तिचा हात आणखी घट्ट धरला.

घड्याळ वाजलं. तिने ते चाचपून बंद केलं आणि ती दिवा लावायला उठलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एक नमुना वाया जाऊ दिला.