झऱ्यावरून आलेल्या दोन हाका

शर्विलचं जावळ काढलं, त्या वर्षीची ही गोष्ट. माझा नातू. जावळ आमच्या गुहागरच्या घरी झालं आणि त्याच महिन्यात मी आणि माझे यजमान मुलासोबत सौदीला गेलो.

हे घडलेलं आहे. पटत नसेल त्यांनी इथंच थांबावं. मी साठी ओलांडल्यावर लिहायला शिकले. खोटं लिहायला इतकी मेहनत कोणी करत नाही.

अजून एक. माझ्या यजमानांचं नाव भाऊसाहेब. जन्मभर ते नाव मी तोंडानं घेतलं नाही. इथं घेणार आहे.

कारण मला राग आहे.

मुलगा प्रसाद हुफूफच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. सून हेमलता तिथंच नर्स. शहराच्या कडेला एक जुनं गाव आहे, तिथं त्यांचं भाड्याचं घर. पूर्वी ते वेगळं गाव होतं म्हणे, आता शहराचा रस्ता पार त्याच्या दारात आलाय. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर खजुराची बाग.

त्या बागेत रफीक काम करायचा.

रफीक मुकादम, बाणकोटचा. पहिल्याच दिवशी मी खिडकीत उभी राहून शर्विलला मराठीत रागावत होते, तर बाहेरून आवाज आला, "मावशी, पोराला नको रागावू. ऊन आहे म्हणून रडतंय."

परक्या मुलखात मावशी म्हणून हाक. मला भरून आलं होतं.

मला गाव त्यानंच शिकवलं. पाट्या सगळ्या अरबीत. मला मराठी अक्षरं उशिरा आली, अरबी कुठून येणार? रफीक म्हणाला, "पाट्या सोड. खुणा धर. निळ्या पट्ट्याची पाण्याची टाकी दिसली की तुझं घर. शेंडे गेलेले दोन माड दिसले की दुकान. मनोरा नसलेली जुनी मशीद आली की झरा. झऱ्यापलीकडे मोठा रस्ता."

तो खजुराच्या झाडाला माडच म्हणायचा.

झरा आटलेला होता. पण त्याला गोल दगडी कठडा होता आणि आत खाली उतरायला पायऱ्या. एके काळी सगळं गाव तिथं आंघोळीला, धुण्याला यायचं. मी रोज संध्याकाळी शर्विलला घेऊन त्या कठड्यावर बसायचे. खालून गार हवा यायची.

भाऊसाहेबांचं आणि रफीकचंही छान जमलं होतं. "काका, दुपारचं घोरता तुम्ही, तर इकडे खजूर पिकायच्या आधी गळतात," असं तो म्हणायचा. हे म्हणायचे, "तुझा मालक मला त्याबद्दल कामाला ठेवून घेईल. झाडावर चढायचे कष्ट वाचले."

जून महिन्यात बागेच्या मालकानं ठरवलं की बागेत इस्तराहा करायचा. म्हणजे सुट्टीच्या दिवशी लोक भाड्यानं घेतात तशी जागा. गाड्या लावायला सपाट जमीन हवी, म्हणून त्यानं झऱ्याचा कठडा तोडला. वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर पत्रा, पत्र्यावर वाळू.

भरला नाही. झाकला.

त्याच आठवड्यात रफीक सुट्टीवर निघाला. त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ईदही तोंडावर आली होती. निघायच्या दिवशी पहाटे तो निरोप घ्यायला आला. मी बेसनाचे लाडू करून स्टीलच्या डब्यात भरून ठेवले होते.

"आईला दे. आणि डबा परत आण," मी म्हटलं.

"आणतो मावशी. डबा नाही आणला तर तू मला घरात घेणार नाहीस, माहिती आहे."

"टॅक्सी दारात बोलावली असतीस."

"मोठ्या रस्त्यावर उभी आहे. दोन पावलं तर आहेत झऱ्यावरून."

तो गेला. मी ओट्याकडे वळले.

त्याच दिवशी दुपारी, जोहरची बांग होऊन गेल्यावर...

इथं मला जरा सांगायला हवं. त्या देशात उन्हाळ्यातली दुपार म्हणजे आपल्याकडची मध्यरात्र. रस्त्यावर माणूस नाही. कुत्रं नाही. पाखराचा आवाज नाही. प्रसाद आणि हेमलता ड्युटीवर. भाऊसाहेब जेवत होते. मी वाढत होते. शर्विल जमिनीवर वाट्या आपटत होता.

शर्विल एकदम थांबला.

त्यानं खिडकीकडे बघितलं.

आणि मग...

"मावशी..."

लांबून. पण स्पष्ट. खालून आल्यासारखी.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी खिडकीकडे वळले, तोंड उघडलं, आणि भाऊसाहेबांनी माझं मनगट धरलं. उष्ट्या हातानं.

"ओ देऊ नकोस."

"अहो, कोणी तरी..."

"भर दुपारची वेळ आहे. मराठी बोलणारा एकटा होता, तो सकाळी गेला. इथं तुला मावशी कोण म्हणणार?"

"मावशी..."

दुसरी हाक.

"तिसरी येऊ दे," हे म्हणाले. "जिवंत माणूस तीनदा हाक मारतो. आमच्या आईनं शिकवलंय."

कोकणात आम्ही सगळे हे मानतो. दुपारी, तिन्हीसांजेला, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तिसरीपर्यंत थांबायचं. मीही मुलांना हेच सांगत आले. पण त्या दिवशी माझं मन ऐकत नव्हतं. मी हात सोडवायला बघत होते. यांनी सोडला नाही.

तिसरी हाक आली नाही.

हे परत जेवायला लागले. "बघ," म्हणाले. "भाजी वाढ."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला... परत दोन हाका. तिसऱ्या दिवशीही. रोज. दोनच.

मी प्रसादला सांगितलं. तो म्हणाला, "आई, पंचेचाळीस डिग्री टेम्परेचर आहे बाहेर. पाणी पीत जा. डीहायड्रेशन झालं की असं ऐकू येतं."

"शर्विलला पण ऐकू येतं. तो वळून बघतो."

"अहो आई, तो पंख्याकडे पण बघतो," हेमलता म्हणाली. पण हळूच म्हणाली. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायला लागली.

मग रफीकच्या भावाचा बाणकोटहून फोन आला. प्रसादचा नंबर रफीकनंच त्याला दिला होता.

रफीक घरी पोचला नव्हता.

विमानातच बसला नव्हता. आई ऑपरेशन पुढे ढकलून वाट बघत होती. मुलगा आल्याशिवाय डोळ्यावर पट्टी बांधून घेणार नाही म्हणाली.

प्रसाद मालकाकडे गेला. मालक म्हणाला, "पळाला तो. मी हुरूब लावलाय." म्हणजे कामगार पळून गेला अशी सरकारात नोंद. एकदा ती झाली की त्या माणसाला कोणी शोधत नाही. फक्त पकडतात.

मी म्हटलं, "लाडूचा डबा घेऊन कोण पळून जातं?"

भाऊसाहेब म्हणाले, "पोरांच्या डोक्यात काय असतं आपल्याला काय माहीत."

"रोज हाक कोण मारतं मग?"

"ते काहीही असेल. रफीक नाही. रफीक असता तर तिसरी मारली असती."

किती शांतपणे म्हणाले. मला तेव्हाच ताट भिरकावावंसं वाटलं होतं.

ईद झाली. हाका चालूच. आणि आता घरात एक वास यायला लागला. घाण नव्हे. ओल्या दगडाचा. जिथं महिनोन्‌महिने पाऊस नाही, तिथं बंद खिडकीतून ओल्या दगडाचा वास. तो मला ओळखीचा होता. संध्याकाळी कठड्यावर बसलं की खालून यायचा, तोच.

एका दुपारी भाऊसाहेबांचा डोळा लागला. हेमलता सुट्टीवर होती, शर्विल तिच्याजवळ झोपला होता. मी डोक्यावर ओला पंचा घेतला आणि बाहेर पडले.

निळ्या पट्ट्याची टाकी. शेंडे गेलेली दोन झाडं. मनोरा नसलेली मशीद. रफीकनं शिकवल्याप्रमाणे एकेक खूण धरत गेले.

मशिदीपुढे काहीच नव्हतं.

नुसती सपाट वाळू. पांढरे पट्टे मारलेले, गाड्यांसाठी. झरा कुठं होता तेच कळेना. इतक्या वर्षांची खूण त्या माणसानं पुसून टाकली होती.

मी तिथंच उभी राहिले. चप्पल भाजत होती. कानात नुसती शांतता...

"मावशी..."

पायाखालून.

मी एक क्षणही थांबले नाही. "ओ!" म्हटलं. "ओ रफीक, आले रे बाबा. इथं आहे मी."

वाळूखाली पत्रा वाजला. आतून कोणी हात मारल्यासारखा. एकदा.

दुसरी हाक आली नाही.

मी खाली बसून हातानं वाळू उपसायला लागले. मशिदीच्या सावलीत बागेतला दुसरा कामगार झोपला होता, हाशिर नावाचा. तो धावत आला. "अम्मा, क्या कर रही हो? मालिक देखेगा तो गुस्सा करेगा."

"करने दो," मी म्हटलं. "पत्रा उठाओ."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि फावडं आणलं.

वरचा पत्रा नवा होता. त्याखाली जुना पत्रा, वाकलेला. त्याखाली मोडलेली फळी.

हाशिरनं आत बघितलं आणि मागं सरला. "या अल्लाह."

रफीक तळाशी, पायऱ्यांच्या खाली होता. बॅग शेजारी. माझा डबा त्याच्या छातीशी.

पोलिसांपुढे सगळं बाहेर आलं. त्या सकाळी रफीकच्या वजनानं फळी मोडली होती. उजाडल्यावर मालकाच्या माणसांनी भोक पाहिलं. मालकानं सांगितलं, वर दुसरा पत्रा टाका, वाळू पसरा, यल्ला, चला लवकर. त्यांनी टाकला.

आत वाकून कोणी बघितलं नाही.

एका माणसानं मान वाकवली असती तर रफीकची आई महिनाभर पोर पळपुटा निघाला हे ऐकत बसली नसती. मी मालकाला मराठीत काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्याला कळलं नाही. तरी तो दोन पावलं मागं झाला.

हुरूब निघाला. रफीकचं दफन तिथंच झालं. आईचं ऑपरेशन नंतर झालं म्हणे.

त्या दिवसापासून हाका बंद झाल्या.

चार दिवसांनी हेमलता ड्युटीवरून आली ती पर्सही न ठेवता माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "आई, तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलले मी. रफीकची मान मोडली होती. पडला तेव्हाच गेला. पहाटेच."

"मग दुपारी?" मी विचारलं.

ती उठून शर्विलला घ्यायला गेली.

भाऊसाहेब बोलले. त्यांचा चेहरा उजळला होता, खोटं सांगत नाही. "म्हणजे मी बरोबर होतो. माणसाची हाक नव्हतीच ती. मी तुला वाचवलं." आणि त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मला यांचा आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. हाक मेलेल्याची होती, मान्य. पण ती काय मागत होती? जीव मागत नव्हती. मला काढा म्हणत होती. मेलेल्याला ओ द्यायची नाही हे कोणी ठरवलं? पहिल्या दिवशीच ओ दिली असती, तर ते पोर महिनाभर पत्र्याखाली राहिलं नसतं. त्याला पळपुटा ठरवलं नसतं.

मी यांच्याशी बोलणं सोडलं. ताट वाढायचे आणि शर्विलच्या खोलीत जायचे. व्हिसा वाढवून घेतला होता, तो ऑक्टोबरात संपत होता. तिकिटं आली. तरी बोलले नाही.

निघायला थोडे दिवस राहिले होते. दुपार होती. जोहरची बांग होऊन गेली होती. हे जेवायला बसले होते, त्याच जागी. मी वाढत होते. खिडकी उघडी होती, आता कसली भीती?

शर्विल वाट्यांशी खेळत होता. तो थांबला नाही. खेळतच राहिला.

भाऊसाहेबांचा घास हातात थांबला...

"ऐकलंस?" ते म्हणाले.

मी ठरवलं होतं बोलायचं नाही. पण त्यांचा चेहरा बघून बोलले. "काय?"

"हाक."

मला काही ऐकू आलं नव्हतं. देवाशपथ सांगते, काही नाही.

"कोणती?"

"तिसरी," ते म्हणाले.

ओल्या दगडाचा वास आला. मी पुढे झाले. या वेळी मी त्यांचं मनगट धरलं. "ओ देऊ नका," मी म्हटलं. होय, मीच म्हटलं.

ते माझ्याकडे बघून हसले. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "अगं, तिसरीला द्यायची असते."

हात सोडवून घेतला. धुतला. उपरणं खांद्यावर टाकलं, कोणाकडे जायचं असल्यासारखं. खिडकीकडे तोंड केलं.

"ओ," म्हणाले.

मग खाली बसले आणि कलंडले.

रफीक त्यांना काका म्हणायचा. मला मावशी. त्या दुपारी कोणाच्या नावानं हाक आली होती, ते विचारायचं राहून गेलं. ती माझी असेल तर? मी रोज दुपारी हाच विचार करते. राग अजून गेलेला नाही, पण आता तो कोणावर करायचा ते कळत नाही.

आता कोणीही, कधीही हाक मारली तरी मी पहिलीलाच ओ देते. सून ओरडते. ओरडू दे.

रफीक मुकादम वारला तो २३ जून २०२२, पहाटे. माझे यजमान भाऊसाहेब वारले ते ९ ऑक्टोबर २०२२, दुपारी, हुफूफला.