टाक्यांच्या खोलीतले पाहुणे

मोबाइल ठेवा बाजूला, आणि मधेच कुणी उठायचं नाही. जिच्यावर हे ओढवलं तिला मी चांगला ओळखतो. त्यांच्या द्राक्षमळ्यावर मी वर्षानुवर्षं बाटल्यांची बुचं पोचवत आलो.

घरचाच कारभार. मुलगा वाइन करायचा, आणि पाहुण्यांना मळा दाखवून चव द्यायचं काम सुनेकडे. सगळे तिला वहिनीच म्हणायचे. तिच्याआधी हे काम सासऱ्यांचं. मोठा बोलका माणूस. पण आदल्या हंगामात एका रात्री ते एकटेच तळघरात, टाक्यांच्या खोलीत गेले. टाक्यांत काळ्या द्राक्षांचा रस होता, आणि रस आंबताना वायू सुटतो. त्याला ना रंग, ना वास. खाली साचून राहतो. तो बाहेर ओढणारा पंखा बंद पडला होता. सकाळी सापडले ते पालथे.

तर तोडणीचा शेवटचा शनिवार. पाहुण्यांची बस गेली, वहिनी रात्रीच्या जेवणाला बसणार तोच फोन आला. एका आजींचा चष्मा चव घ्यायच्या खोलीत राहिला होता.

"मी आणते," ती नवऱ्याला म्हणाली. "तू ताटं वाढायला घे."

चष्मा टेबलावरच होता. तो उचलून ती वळली, आणि खालून हसण्याचा आवाज आला. बरीच माणसं एकदम हसावीत तसा. तिला वाटलं, बसवाल्यानं कुणाला तरी मागेच सोडलं. वैतागून ती जिना उतरू लागली.

"घोट तोंडात धरा, लगेच गिळू नका," खाली कुणीतरी सांगत होतं. "तेवढा वेळ तरी नवऱ्याचं तोंड बंद राहतं!"

पुन्हा हशा.

वहिनीचा हात कठड्यावरच थिजला. हा विनोद सासऱ्यांचा. आवाजही... त्यांचाच.

तुम्ही-मी असतो तर पायात चपला न घालता पळालो असतो. पण ती मला म्हणाली, "काका, भीती नाही हो वाटली. वर्षभरानं बाबांचा आवाज ऐकला. अजून ऐकावासा वाटला."

ती उतरली. टाक्यांच्या खोलीला हंगामात रात्री कुलूप असायचं. दार सताड उघडं होतं. आत मिट्ट काळोख. ती दिसताच आतलं बोलणं थांबलं. आपल्याविषयीच काहीतरी चाललेलं असावं, तसं.

"आल्या आमच्या सूनबाई." अगदी हळू. "ये, आत ये. पाहुणे खोळंबलेत."

"बाबा?"

"ये."

तिनं एक पाऊल आत टाकलं. मग दुसरं. पंख्याची घरघर नव्हती. डोकं जड झालं. भोवती माणसं उभी होती, अगदी खेटून. दिसत कुणी नव्हतं. श्वास... श्वास कुणीच घेत नव्हतं.

"खाली बस, सूनबाई... अजून खाली..."

तिचे गुडघे वाकले.

मग...

काही नाही.

जेवण गार होतंय म्हणून नवरा शोधायला आला. वहिनी दाराबाहेर निपचित पडली होती, तोंड जिन्याकडे. आरडाओरडा करत त्यानं तिला वर नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचली; अजून जरा वेळ आत राहिली असती तर संपलंच होतं.

"पण तू बाहेर आलीस कशी?" नवऱ्यानं विचारलं.

आजतागायत तिला ते सांगता आलेलं नाही.

त्या रात्री तिचे कपडे सासूबाईंनी बदलले. पुढे त्यांनीच तो पांढरा कुडता मला दाखवला. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, पाच बोटांचा आख्खा पंजा. गडद जांभळा. द्राक्षाचा रस. त्यांनी हात लावला तेव्हा तो ओलाच होता म्हणे.

आता ऐका. टाक्यांमध्ये त्या वर्षी फक्त हिरव्या द्राक्षांचा रस होता. काळ्या द्राक्षांचे वेल... ते तर सासरे गेले त्याच महिन्यात मुलानं मुळासकट उपटून जाळले होते.